पायाखालची जमीन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो होतो. दुपारची वेळ होती. माझा पुतण्या आपल्या खोलीत संगणकासमोर बसला होता. एकाएकी तो ओरडला, "काका, माझ्या पायाखालची जमीनच गेली!" महसूल खात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसास हे वाक्य काही नवे नाही. ते कानी पडले की प्रथम सात-बाराचा उतारा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु या वेळी जमीन अक्षरशः गेली होती. पडद्यावर एक नगर होते. त्या नगरातील रस्त्यावरून पुतण्याची मूर्ती चालली होती. आणि चालता चालता ती फरसबंदीतून आरपार खाली जाऊन अधांतरी तरंगत राहिली होती.

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. खालून पाहिले असता ते नगर मोठे चमत्कारिक दिसत होते. जमीन दिसतच नव्हती. तिच्या जागी मोकळे आकाश होते आणि त्यात घरांची जोती, झाडांचे बुंधे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे तळवे तेवढे दिसत होते. पुतण्याने खुलासा केला की, अशा जगातील बहुतेक पृष्ठभाग एकाच बाजूने रंगविलेले असतात. जी बाजू कोणी पाहणार नाही असा अंदाज असतो, ती संगणकाचे श्रम वाचावेत म्हणून मुळी काढलीच जात नाही. नाटकाच्या पडद्याची मागची बाजू पाहून लहान मुलास जे वाटते, तेच मला त्या क्षणी वाटले.

मी म्हटले, "आता बंद करून पुन्हा सुरू कर." तो म्हणाला, "काका, तसे केले तर मी वर येईन. पण खड्डा तसाच राहील. आधी दोष माझ्या यंत्रात आहे, वाटेत आहे, की तिकडे आहे, हे पाहू दे." त्याने नागपूरच्या एका मित्रास त्याच ठिकाणी बोलाविले. मित्र आला, दोन पावले चालला आणि तोही खाली पडला. दोघेही अधांतरी लोंबकळू लागले. परंतु दोष 'तिकडे' आहे एवढे सिद्ध झाले. मग पुतण्याने एक वही काढली आणि जागा कोणती, वेळ कोणती, कोणत्या दिशेने चाललो, काय दिसले, मित्रास काय दिसले, हे क्रमवार लिहून त्या जगाच्या चालकांकडे पाठविले. तीन दिवसांनी तेथील जमीन पूर्ववत झाली.

श्रोतेहो, या लहानशा प्रसंगाने माझे कुतूहल चाळविले गेले. ही आभासी जगे केव्हापासून अस्तित्वात आली, त्यांत बिघाड झाला तर तो कोण शोधतो आणि कोण दुरुस्त करतो, हे मी त्यानंतर जमेल तसे वाचीत गेलो. राज्यांचा इतिहास आपण लढायांवरून आणि तहांवरून लिहितो. या जगांचा इतिहास मात्र त्यांच्या दुरुस्त्यांवरून लिहिता येईल, असे मला दिसून आले. त्याच इतिहासाचा थोडासा परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे.

अनेक माणसांनी एकाच वेळी वावरावे अशा पहिल्या काही जगांपैकी एक इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात जन्मास आले. साल १९७८. रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठातील पीडीपी-१० या संगणकावर 'मड' नावाचा प्रोग्राम लिहावयास घेतला. त्या जगात चित्र नव्हते. सर्व काही शब्दांत होते. तुम्ही 'उत्तरेस जा' अशा अर्थाची आज्ञा टंकलिखित करावी आणि पडद्यावर पुढील स्थळाचे वर्णन उमटावे, असा तो प्रकार. नवलाची गोष्ट अशी की, पहिली आवृत्ती ही जग नव्हतीच. अनेकांत मिळून एक जग सांभाळता येते की नाही, एवढे पाहण्यापुरती ती चाचणी होती. ती जमली तेव्हा ट्रबशॉने लगोलग दुसरी आवृत्ती हाती घेतली. परंतु ती यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिलेली असल्यामुळे वर्षभरात इतकी गुंतागुंतीची झाली की, एक धागा ओढावा तो दहा गाठी बसाव्यात. १९७९ च्या अखेरीस त्याने तीही सोडली आणि बीसीपीएल या सुटसुटीत भाषेत तिसरी आवृत्ती आरंभिली. १९८० मध्ये परीक्षा तोंडावर आल्यामुळे त्याने हे काम आपला सहाध्यायी रिचर्ड बार्टल याच्या हाती सोपविले. घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. या दोघांनी एकच घर तीनदा बांधले, आणि तेव्हा कोठे ते राहण्याजोगे झाले.

या बार्टल महाशयांनी पुढे १९९६ मध्ये एक निबंध लिहिला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अशा जगांत येणाऱ्या माणसांचे त्यांनी पत्त्यांच्या चार रंगांप्रमाणे चार वर्ग पाडले. संपत्ती आणि पद मिळविण्यासाठी येतात ते चौकटवाले. गप्पागोष्टींसाठी येतात ते बदामवाले. दुसऱ्यांवर काठी उगारण्यासाठी येतात ते किलवरवाले. आणि ज्यांना हे जग मुळात कसे चालते हे खणून पाहावयाचे असते, ते इस्पिकवाले. इंग्रजीत इस्पिकाला फावड्याचे नाव आहे, ही त्यातील खुबी. हे इस्पिकवाले प्रथम त्या जगाचा भूगोल शिकतात आणि मग त्याचे नियम तपासू लागतात. भिंतीवर डोके आपटून पाहतात, वस्तू चुकीच्या जागी ठेवून पाहतात, आणि एखादा दोष सापडला की त्यांना आनंद होतो. संशोधन आणि दोषशोधन या दोहोंमध्ये ते भेद करीत नाहीत. माझ्या पुतण्याची जात मला येथे कळली.

शब्दांच्या जगाकडून चित्रांच्या जगाकडे येताना आपली गाठ एका ओळखीच्या शब्दाशी पडते. १९८६ साली अमेरिकेतील लुकासफिल्म गेम्स या संस्थेने 'हॅबिटॅट' नावाच्या जगाचा प्रयोग सुरू केला. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. कमोडोर-६४ नावाचा घरगुती संगणक टेलिफोनच्या तारेने जोडावयाचा आणि त्यावर दिसणाऱ्या चित्रमय नगरीत वावरावयाचे, अशी योजना होती. ज्या संगणकाची स्मृती आजच्या एका साध्या छायाचित्रालाही पुरणार नाही, त्यावर त्यांनी वीस हजार नागरिकांचे नगर योजिले होते. या नगरीत माणसाच्या वतीने वावरणाऱ्या मूर्तीला त्यांनी 'अवतार' असे नाव दिले. आपल्या संस्कृतातील तोच हा शब्द. अवतरणे म्हणजे खाली उतरणे. देहधारी मनुष्य टेलिफोनच्या तारेतून दुसऱ्या लोकी उतरतो, ही कल्पना त्या शब्दात नेमकी बसते. कोकणातील दशावतारी नाटकांत संकासुराला पाहून हसणाऱ्या आपल्या आजोबांस हा शब्द असा सातासमुद्रांपलीकडून परत येईल, असे स्वप्नातही वाटले नसेल.

या नगरीतील एक हकिगत अर्थखात्यातील माझ्या मित्रांस मी नेहमी सांगतो. तेथे प्रत्येक अवतारास जन्मतः दोन हजार नाणी मिळत आणि रोज हजेरी लावली की आणखी शंभर. वस्तू विकणारी यंत्रे होती, तशीच वस्तू परत विकत घेणारी यंत्रेही होती. एके सकाळी चालकांनी हिशेब पाहिला, तो नगरीतील एकूण चलन एका रात्रीत पाचपट झालेले! टाकसाळ तर कोणी उघडलेली नव्हती. मग शोध सुरू झाला. काही अवतारांच्या खात्यात एकाएकी अपार धन आले होते. त्यांना विचारले, तर त्यांचे म्हणणे असे की, पैसा आम्ही न्यायाने मिळविला. कसा, ते मात्र सांगणार नाही. बऱ्याच विनवण्या झाल्यावर रहस्य उलगडले. एका यंत्रात बाहुली पंचाहत्तर नाण्यांस मिळत होती आणि दुसरे यंत्र तीच बाहुली शंभर नाण्यांस विकत घेत होते. त्याचप्रमाणे स्फटिकाचा गोळा अठरा हजारांस मिळे आणि तीस हजारांस खपे. या मंडळींनी रात्रभर नगरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खेपा घातल्या, आधी बाहुल्यांच्या, आणि पुरेसे भांडवल जमल्यावर गोळ्यांच्या.

भाव दुरुस्त झाले. परंतु त्या धनाचे काय करावे? चालकांनी ते जप्त केले नाही. आणि झाले असे की, या नवश्रीमंतांनी आपल्या खर्चाने सबंध नगरीसाठी गुप्तधन शोधण्याचे खेळ भरविले. ज्या दोषाने अर्थव्यवस्था बुडावयाची, त्यातूनच लोकांस चार दिवस करमणूक मिळाली.

याच नगरीत चालकांनी मोठ्या कष्टाने एक साहस-कथा रचली होती. तिच्यासाठी शंभर स्थळांचे एक बेट उभारले होते आणि खेळाडू त्यात कित्येक दिवस गुंतून राहतील, अशी अपेक्षा होती. एका खेळाडूने पहिल्या पंधरा मिनिटांतच मुख्य मेख ओळखली आणि आठ तासांत सारे कोडे सुटले. बहुतेक नागरिकांस ते सुरू झाल्याचा पत्ताही लागला नाही. मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी पुढे आपल्या अनुभवांवर जो निबंध लिहिला, त्यात या साऱ्याचे सार त्यांनी प्रांजळपणे मांडले आहे. जग बारीकसारीक तपशिलांसह वरून आखता येत नाही, असे ते कबूल करतात. बिघाड झाला तर शक्यतो त्या जगाच्या नियमांच्या आत राहूनच तो निस्तरावा, असाही त्यांचा सल्ला आहे. एकदा चालकांकडील एक अमोघ बंदूक एका अवताराच्या हाती लागली. ती हुकमाने काढून घेणे त्यांस सहज शक्य होते; तरी त्यांनी वाटाघाटी करून दहा हजार नाण्यांस ती परत विकत घेतली. नियोजनाच्या खात्यांत काम केलेल्या कोणासही या अनुभवातील मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

येथवर बिघाड म्हणजे गंमत होती. पुढे तसे राहिले नाही. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत पाव्हेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' नावाचे शब्दमय जग उघडले. तेथे येणारा प्रत्येक जण नव्या खोल्या, नव्या वस्तू निर्माण करू शकत असे. चालकांस तेथे 'जादूगार' म्हणत; त्यांचे अधिकार अमर्याद होते. परंतु रोजचे तंटे सोडविता सोडविता ते इतके वैतागले की, डिसेंबर १९९२ मध्ये त्यांनी जाहीर केले की, यापुढे आम्ही केवळ यंत्राची देखभाल करू. समाजाचे प्रश्न समाजाने सोडवावेत. काही महिन्यांतच, १९९३ च्या आरंभी, एका सभासदाने त्या जगातील एका प्रोग्रामचा दुरुपयोग करून इतर स्त्री-पुरुषांच्या मूर्तींकडून अत्यंत बीभत्स कृत्ये होत असल्याचा देखावा भर बैठकीत उभा केला. शब्दच ते, परंतु ज्यांच्या नावे ते उमटले त्यांच्या डोळ्यांत खरे अश्रू आले. शिक्षा कोणी द्यावयाची? कायदा नव्हता, न्यायाधीश नव्हता आणि जादूगारांनी हात वर केले होते. अखेर एका जादूगाराने आपल्याच जबाबदारीवर त्या सभासदाचे खाते नष्ट केले. त्यानंतर तेथे अर्ज, मतदान आणि बहुमत यांची पद्धत सुरू झाली. तीही निर्वेध चालली नाही; १९९६ मध्ये जादूगारांना पुन्हा जाहीर करावे लागले की, तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांची फारकत आम्हांस करता येत नाही.

श्रोतेहो, मला हा प्रसंग या सबंध इतिहासातील कळीचा वाटतो. यंत्र बिघडले नव्हते. प्रोग्राम ज्यासाठी लिहिला होता तेच करीत होता. तरीही दोष होता, आणि तो शोधावयास तारा आणि आज्ञा तपासून भागत नव्हते. आमच्या कचेऱ्यांतही एखादा नियम शब्दशः पाळला जातो आणि माणूस दाराबाहेर रडत उभा असतो. अशा वेळी 'नियमात चूक नाही' हे उत्तर खरे असते, पण अपुरे असते.

चालक सर्वशक्तिमान असतात, हीदेखील एक समजूतच. 'अल्टिमा ऑनलाइन' या जगाची १९९७ च्या ऑगस्टमध्ये चाचणी चालू होती. त्याचे निर्माते रिचर्ड गॅरियट हे 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपाने प्रजेस दर्शन देत होते. त्यांना अमरत्वाची सोय होती. परंतु मधे मध्यवर्ती संगणक कोसळला होता. तो पुन्हा चालू झाल्यावर अमरत्वाची ती खूण पुन्हा लावावयाची राहून गेली. गर्दीतील एका खेळाडूने सहज म्हणून अग्नीचा मंत्र टाकला आणि राजा सर्वांदेखत गतप्राण झाला. निर्मात्यासही आपल्या प्रोग्रामपुढे मान तुकवावी लागते, हे त्या दिवशी शेकडो जणांनी पाहिले.

यानंतर २००३ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने 'सेकंड लाइफ' नावाचे जग सर्वांसाठी खुले केले. फिलिप रोझडेल हे तिचे संस्थापक. दोनशे छप्पन मीटर लांबीरुंदीचे जमिनीचे चौकोनी तुकडे, त्यावर रहिवाशांनीच बांधलेली घरे, बागा आणि दुकाने, असे हे जग. त्यात मालदीव आणि स्वीडन या देशांनी २००७ मध्ये वकिलातीदेखील उघडल्या. जग कंपनीच्या संगणकांवर असते. रहिवासी मात्र ते आपल्या संगणकावरील एका प्रोग्रामातून पाहतो. या प्रोग्रामास तेथे 'व्ह्यूअर' म्हणतात. आपण त्यास दर्शक म्हणू. पुष्कळसा बिघाड या दोहोंच्या मधल्या वाटेवर होतो.

याचे एक उदाहरण सांगतो. अवताराचे कपडे, केस, त्वचा ही निरनिराळी चित्रे असतात. ती एकमेकांवर चढवून एक सलग चित्र बनवावे लागते. पूर्वी हे काम ज्याचा अवतार त्याच्याच संगणकाने करावयाचे आणि तयार चित्र मध्यवर्ती संगणकाकडे धाडावयाचे, अशी व्यवस्था होती. वाटेत काही बिनसले की इतरांस तो माणूस करड्या रंगाचा दिसे, अथवा त्याच्या जागी एक ठरावीक स्त्रीमूर्ती दिसे. या मूर्तीस रहिवासी 'रूथ' म्हणत. एखादा भारदस्त गृहस्थ सभेत बोलावयास उभा राहावा आणि सर्वांस तो रूथ दिसावा, असे नेहमी घडे. स्वतःच्या पडद्यावर तो ठीकच दिसत असल्यामुळे लोक का हसतात हे त्यास कळत नसे. पुढे रूथऐवजी धुक्याचा एक ढग दाखविण्यात येऊ लागला; म्हणजे निदान लाज तरी झाकली. मूळ दोष मात्र २०१३ मध्ये दूर झाला. चित्रे जोडण्याचे काम कंपनीने आपल्याकडे घेतले, तेव्हा. एवढ्या वर्षांच्या मध्यंतरी रहिवाशांनी एकमेकांस उपाय शिकविले: साठवणीतील जुनी चित्रे पुसून टाकावी, कपडे बदलावे, जग सोडून पुन्हा यावे. जुन्या रहिवाशाने नव्यास हाताशी धरून हे सारे शिकवावे, अशी तेथे परंपराच पडली.

नोव्हेंबर २००६ मध्ये या जगावर एक संकट आले. कोणीतरी स्वतःच्या प्रती काढीत जाणाऱ्या सोनेरी कड्यांचा प्रोग्राम तेथे सोडला. एकाची दोन, दोहोंची चार, असे करीत कड्यांनी आसमंत भरून गेला आणि मध्यवर्ती संगणकांची गती मंदावली. रक्तबीजाची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांस अधिक सांगणे नलगे. प्रवेशद्वारे काही काळ बंद करून कडी वेचून काढावी लागली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ८ जानेवारी २००७ रोजी, कंपनीने दर्शकाची मूळ आज्ञावली सर्वांस वाचावयास, बदलावयास आणि वाटावयास खुली केली. येथून रहिवाशांनी बनविलेले निराळे दर्शक निघू लागले. फायरस्टॉर्म नावाचा असा एक दर्शक फार लोकप्रिय झाला. ज्यांना आजवर बाहेरून टकटक करावी लागत होती, ते आता भिंतीच्या आत येऊन विटा तपासू लागले.

परंतु हा मार्गही सरळ गेला नाही. दोषांच्या तक्रारी नोंदविण्याची एक सार्वजनिक नोंदवही कंपनीने ठेविली होती. एकाची तक्रार दुसऱ्यास वाचता येई, तिच्याखाली आपला अनुभव जोडता येई. सप्टेंबर २०१२ मध्ये ही वही मिटण्यात आली. यापुढे प्रत्येकास आपली स्वतःची तक्रार तेवढी दिसावी, असे ठरले. रहिवाशांत मोठी नाराजी पसरली. हाच दोष आणखी कोणास आला आहे काय, हेच जर कळले नाही, तर दोष माझ्या घरात की गावात, हे ठरवावयाचे कसे? २०१४ मध्ये कंपनीस नवे प्रमुख लाभले आणि वही पुन्हा उघडली गेली. शासनाच्या कपाटातील कागद नागरिकास पाहावयास मिळावा की नाही, हा वाद आपल्या देशातही दीर्घकाळ चालला आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने त्यास उत्तर मिळाले. टेबलाच्या आतल्या बाजूस बसणारा माणूस म्हणून मी प्रामाणिकपणे सांगतो की, वही मिटण्याचा मोह मला समजतो. उघड्या वहीत आपली चूक सर्वांस दिसते. परंतु मिटलेल्या वहीत ती चूक दहा ठिकाणी, दहा वेळा, दहा जणांस एकेकट्याने भोगावी लागते.

दोषाचा फायदा घेणे हा गुन्हा आहे काय, हाही प्रश्न याच जगाने न्यायालयात नेला. अमेरिकेतील एका वकिलाने २००६ मध्ये लिलावाच्या संकेतस्थळावरील एका पळवाटेतून स्वस्तात जमीन मिळविली, असा कंपनीचा आक्षेप होता. कंपनीने त्याचे खाते बंद करून सर्व मिळकत काढून घेतली. त्याने दावा लावला. करारपत्रातील लवादाचे कलम एकतर्फी आहे, सबब ते बंधनकारक नाही, असा निर्णय २००७ मध्ये न्यायालयाने दिला आणि त्याच वर्षी उभयतांत तडजोड झाली. हॅबिटॅटमधील बाहुल्यांच्या व्यापाऱ्यांचे धन चालकांनी त्यांच्याकडेच राहू दिले होते. वीस वर्षांत नाण्यांची जागा डॉलरांनी घेतली होती आणि हसण्याची जागा वकिलांनी.

दोषाचे मोल कधी कधी त्या जगाबाहेरही ठरते. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या जगात एका नव्या विवरातील राक्षस आपल्या शत्रूंस एक संसर्गजन्य रोग देत असे. तो रोग विवराबाहेर जाऊ नये, अशी योजना होती. परंतु खेळाडूंचे पाळीव प्राणी विचारात घ्यावयाचे राहून गेले. प्राण्यास रोग जडे; धनी त्यास दृष्टीआड करी; आणि शहरात आल्यावर पुन्हा बोलावी, तो रोगासकट हजर. बाजारातील दुकानदार स्वतः मरत नसत, परंतु गिऱ्हाइकास रोग देत. शहरे हाडांच्या सापळ्यांनी भरली. काही जण पळाले, काही मुद्दाम पाहावयास आले, काहींनी आपणहोऊन रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्या भरात साथ आणखी पसरविली. चालकांचे विलगीकरणाचे आवाहन फारसे कोणी जुमानले नाही. शेवटी प्रोग्राम बदलूनच साथ आवरली. एरिक लॉफ्ग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट' कुळातील संसर्गरोगविषयक नियतकालिकात या साथीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे साथीत कशी वागतात, हे गणिताच्या समीकरणांस सांगता येत नाही, ते येथे दिसले, असा त्यांचा आशय होता. २०२० साली करोनाच्या साथीत जिल्ह्याचे काम पाहताना, पळणारे, पाहावयास येणारे आणि जीव ओतून सेवा करणारे हे तिन्ही प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा मला ही हकिगत ठाऊक असती, तर गर्दीच्या बंदोबस्ताचे माझे काही हुकूम मी निराळे लिहिले असते.

हे सारे सांगून झाल्यावर एक खंत उरते. यंत्र सुधारता येते, वही उघडता येते. परंतु जग मुळातच बंद झाले, तर काय? हॅबिटॅट १९८८ मध्ये मूळ रूपात बंद झाले. त्याच्या जागी 'क्लब करिब' नावाचे छोटे जग आले, १९९० मध्ये जपानात फुजित्सू कंपनीने एक आवृत्ती काढली. मूळ नगरी मात्र काळोखात गेली. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील एका संग्रहालयाच्या पुढाकाराने तिची मूळ आज्ञावली लोकांपुढे ठेवण्यात आली. मूळ मध्यवर्ती संगणकाच्या जातीची यंत्रे आता दुर्मिळ. तेव्हा स्वयंसेवकांनी, त्यांत जुने शिल्पकारही होते, मध्यवर्ती भाग नव्याने लिहून काढला आणि तीस वर्षांनी नगरीत पुन्हा दिवे लागले. आज तेथे जाता येते. रस्ते आहेत, यंत्रे आहेत, बाहुल्या आहेत. रात्रभर बाहुल्या वाहणारी ती माणसे मात्र नाहीत, आणि ती कोणत्याही आज्ञावलीतून परत आणता येत नाहीत. त्यांचे जे काही उरले आहे, ते चालकांनी वेळीच लिहून ठेवलेल्या त्या प्रांजळ निबंधात. आपल्या चुका त्यांनी लपविल्या असत्या, तर ती माणसेही आपणांस भेटली नसती.

सुट्टी संपून निघण्याच्या दिवशी मी पुतण्याची वही मागून घेतली. पायाखालची जमीन गेली त्या दिवसाचे पान काढून वाचले. स्थळ, वेळ, साक्षीदार, घडलेली गोष्ट आणि तिच्यापासून वेगळा ठेवलेला आपला तर्क, असा तो मजकूर होता. कोठे कोणावर राग नव्हता, कोठे अतिशयोक्ती नव्हती. वीस वर्षांत माझ्या टेबलावर शेकडो पंचनामे आले. इतका नेटका पंचनामा मी क्वचितच वाचला आहे. मी तसे त्याला म्हटले. तो म्हणाला, "काका, नीट लिहिले नाही तर त्यांना खड्डा सापडणार कसा?" मी ते पान उतरवून घेतले. ते आता माझ्या कचेरीत नव्याने रुजू होणाऱ्या तलाठ्यांस मी नमुना म्हणून वाचावयास देतो.